केसांच्या गोळ्या

— मुंडी हलवणं म्हणजे उत्तर नाही होत, भैरवी. तोंडानं बोल. नाही बोलत? बरं, मग मीच बोलते. बस खाली. हात पिठाचे आहेत तर राहू दे, कणीक काही पळून नाही जात — आणि तो मोबाईल पालथा घाल, मघापासून पाहून राहिली मी, दर दोन मिनिटांनी त्याच्यात काय बघते? इकडे बघ. ही बाटली. एक तारखेले या बाटलीत मी तीस गोळ्या टाकल्या, माझ्या हातानं. रोज सकाळी गौरांगले चार भिजवलेले बदाम अन् एक गोळी — लग्न होऊन आली तेव्हापासून चार महिने तू हेच पाहते. आज एकोणीस. एकोणीस गेल्या तर किती राहाव्या? अकरा. अन् या ताटलीत ओतल्या तर किती आहेत? दोन! बाकीच्या नऊ काय उंदरानं नेल्या? नेल्याही असतील म्हणा — उंदराच्या शेपटीएवढी वेणी या घरात एकाच बाईची आहे.

आता डोळे नको भरू. मी काय मारून राहिली तुले? नुसतं विचारते. बाटलीवर लिहिलं आहे केसांचं व्हिटॅमिन, तू वाचलं, तुले वाटलं नवऱ्याले चालते तर मले काहून नाही — झालं. तुझ्या आईनं लग्नात अकरा साड्या दिल्या, त्यातल्या चार कोणाच्या तरी आहेरात आलेल्या — घडीवरून कळते वं मले — तेव्हा लपवालपवी तुमच्या घरात नवीन नाही. पण मले गोळ्यांचं दुःख नाही. मले हे सांग, तुझी तारीख कधी होती? कॅलेंडरवर पेन्सिलनं टिंब करते तू, ते मले दिसत नाही वाटते? या महिन्यात टिंब नाही. अन् पोटात लेकरू असताना बाईनं त्या गोळ्या घ्यायच्या नसतात, कागदावर सीधं लिहिलं आहे. तुझं काय व्हायचं ते होवो, पण माझा नातू — खरंच नाही घेतल्या? एकही नाही? शपथ घे. … बरं. नाही घेतल्या.

कोणता कागद? मी कागद म्हटलं का? … म्हटलं वाटते. आता निघालंच आहे तोंडून तर ऐक, अन् ऐकून विसरून जा. केसांच्या नाहीत त्या. कोलेस्ट्रॉलच्या आहेत. तुझे सासरे — बैठकीतल्या फोटोत हसतात ना ते — एकेचाळीस वर्षांचे होते, ऑफिसात डबा उघडला अन् डब्यावरच पडले. तेच रक्त गौरांगच्या अंगात. चोविसाव्या वर्षी मिहानच्या कंपनीत नोकरी लागली, तिथल्या तपासणीत निघालं. धंतोलीच्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली, म्हटलं रोज घ्यायची, आपल्या मनानं बंद करायची नाही. यानं घेतली सहा महिने, रिपोर्ट आला नॉर्मल, अन् साहेबांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या — ‘आई, मी बरा झालो!’ गोळीमुळे नॉर्मल आला, हे त्या भैताडले कोण सांगेल? मी सांगितलं. दहादा सांगितलं. ऐकते थोडीच! अन् त्याच दिवसांत वर्ध्याचं स्थळ आलं होतं, पोरीच्या भावानं फ्रिजवर पडलेली गोळ्यांची पट्टी पाहिली, दुसऱ्या दिवशी निरोप — पत्रिका जुळत नाही. काल जुळलेली पत्रिका आज काहून बिघडली, हे कळायले मले ज्योतिषी नाही लागत. तेव्हापासून पट्टी मी फोडते अन् गोळ्या या बाटलीत टाकते. केसांची म्हटलं की माझा पोट्टा एक दिवस चुकवत नाही — बापाचं हार्ट त्याले आठवत नाही, बापाचं टक्कल बराबर आठवते! पाच वर्षं झाली. जुनीच चिठ्ठी दाखवते, ओळखीचा मेडिकलवाला देते. डॉक्टरकडे काहून नाही नेलं पुन्हा? नेलं असतं तर रक्त काढा, लिव्हर तपासा, अन् मग त्याले कळलं नसतं? फसवलं म्हणून नको बघू माझ्याकडे. फसवलं असतं तर गोळी दिली असती का मी? मी त्याले जगवून राहिली. तुले तर आयता नवरा भेटला, केसांसकट.

अन् त्याच्या पायांचं मले माहीत नाही असं नको समजू. मागच्या शुक्रवारपासून जिना आडवा उतरते, कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा. तू मांड्या दाबते, तो ओरडते, मले खाली ऐकू येते. कालपासून तर पलंगावरून उठताना तुझा खांदा लागते त्याले. अन् लघवी कोऱ्या चहासारखी झाली हे मलेही सांगितलं त्यानं, तुझ्याआधी सांगितलं. मी म्हटलं ऊन आहे, पाणी पी. दुसरं काय म्हणणार? धंतोलीच्या डॉक्टरच्या कागदावर लिहिलं आहे — अंग दुखलं, मांड्यांत जीव राहिला नाही, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवा अन् त्याच दिवशी या, किडनीवर जाते. त्याच्याखाली लाल पेनानं — कोणत्याही डॉक्टरकडे गेलं तरी ही गोळी चालू आहे म्हणून सांगा, बुरशीच्या कॅप्सूल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. पाठ आहे मले. देवामागं घडी करून ठेवला आहे, दिवा लावताना रोज दिसते. अन् याले नेमकं गजकर्ण झालं — नागपूरच्या या घामात कोणाले होत नाही? — गेला चामडीच्या डॉक्टरकडे. त्यानं विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे? हा म्हणते, काही नाही, केसांचं व्हिटॅमिन फक्त! घरी येऊन हसत हसत सांगितलं मले. मीही हसली. त्यानं दिलेल्या बुरशीच्या कॅप्सूलची पट्टी हातात घेऊन पाहिली, अन् हसली. आज सकाळची गोळी? दिली ना. बदामांसोबत. नसती दिली तर त्यानं विचारलं असतं — आज काहून नाही?

शुक्रवारपर्यंत, बस. तीन दिवस. अमरावतीचे लोक आपल्या सुरुचीच्या लग्नाचा होकार शुक्रवारी कळवणार. बाप असा गेला अन् भाऊ तिशीतच गोळीवर आहे, हे त्यांच्या कानावर पडलं तर माझी पोरगी बसली घरात. होकार आला की मी स्वतः नेते त्याले धंतोलीले, तू म्हणशील त्या दवाखान्यात. तीन दिवसांत किडनी काही विरघळून नाही जात. गेलीच, तर तू आहे ना, एक देशील. बायका देतात. अन् तू जर वर जाऊन तोंड उघडलं, तर मी काय सांगीन माहीत आहे? बाटलीत सुनेचा हात गेला. नऊ गोळ्या कमी आहेत, त्या जागी काय टाकलं तिलेच विचारा. तीस वर्षांची आई अन् चार महिन्यांची बायको — अख्खी गल्ली या शोभाताईचं ऐकेल का तुझं? तुझा आवाज तर अजून दुधवाल्यानंही नाही ऐकला.

पण गेल्या कुठं नऊ? तू नाही. मी नाही. सुरुची तर पाहण्याचा कार्यक्रम झाला तशी मावशीकडे कळमेश्वरले गेली, अकरा तारखेच्या सकाळी. अकरा, बारा, तेरा … अकरा ते एकोणीस. नऊच होतात. अकरापासून? दहा तारखेले काय — दहाले ते अमरावतीचे आले होते. पोहे झाले, चहा झाला. गौरांग वाकून कप उचलत होता अन् त्या मुलाचा काका याच्या टाळूकडे पाहून हसला, अन् मी — मी आपलं वातावरण हलकं करायले म्हणून — म्हटलं, ‘काय रे, एका गोळीनं भागून नाही राहिलं वाटते तुझं.’ सगळे हसले. तोही हसला. खूप हसला.

दोन घेऊन राहिला तो. रोजच्या दोन. वरून त्या कॅप्सूल.

… हे बघ, असं करू. नऊ गोळ्या तू घेतल्या. कोणी विचारलं तर तू घेतल्या, वेणीसाठी. काय जाते तुझं? वेणी तर दिसतेच आहे. मी म्हटलेलं कोणाले आठवायचं कारण नाही. समजलं? चल, हात धू, कणीक झाक, त्याले चहा घेऊन — हा हॉर्न कोणाचा? आपल्याच फाटकाशी? ऑटो? ऑटो कोणी — मोबाईलमध्ये हेच पाहून राहिली होती तू? मी बोलून राहिली अन् तू — तिकडे कुठं चालली? देवाले पिठाचे हात नको लावू! कागद ठेव. भैरवी, तो कागद ठेव म्हणते ना मी! अन् बाटली — बाटली तरी राहू दे. मी दारातून नाही सरकणार. … ढकलते? मले ढकलते? … बरं, जा. ने त्याले, माझा काय दुश्मन आहे तो? पण ऐक ना वं, बाई — तिथं डॉक्टरनं विचारलं तर केसांच्याच सांगशील ना? त्याच्यासमोर तरी? केसांच्याच सांग —