अनघा सोमण हिला घरात ठेवून घेतल्याबाबत

नाव अरुणा पद्माकर देवस्थळी. वय ६४ वर्षे. व्यवसाय: सरकारी पॉलिटेक्निकच्या विद्यार्थी कार्यालयात बावीस वर्षे नोकरी, गेल्या वर्षापासून निवृत्त. नागरिकत्व सिंगापूर. राहणार क्लेमेंटी, नववा मजला. पूर्ण पत्ता ओळखपत्रावर आहे आणि ओळखपत्र सार्जंट लिम यांच्याकडे जमा आहे. मला इंग्रजी चांगले येते, तरी जबाब मराठीत देत आहे. दुभाषी श्री. कुशल यांनी कारण विचारले. जन्मभर इंग्रजीत दुसऱ्यांचे कागद लिहिले. हा माझा आहे.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, आज गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सार्जंट लिम व एक महिला अधिकारी आमच्या घरी आले. दार मीच उघडले. देशात राहण्याच्या पासची मुदत संपलेली परदेशी व्यक्ती घरात आहे का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, आहे, पोहे खाते आहे, दहा वाजता तिचा शेवटचा पेपर आहे.

सदर व्यक्ती म्हणजे अनघा सोमण, वय १९, पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिची आई मेधा वन-नॉर्थ या कंपन्यांच्या वसाहतीत नोकरीला होती. अनघा पाच वर्षांची असताना आईबरोबर इथे आली. तीन वर्षांपूर्वी मेधा आजारपणात गेली आणि आईच्या पासवरचा मुलीचा पासही संपला. मग मामाने जुरोंग ईस्टच्या एका एजंटाकडून तिला विद्यार्थी पास काढून दिला. दोन वर्षे तो खरा होता. नंतर एजंटाने मुदत वाढवलीच नाही, शिक्का मारलेले खोटे पत्र हातात दिले. यंदा ते उघडकीला आले तेव्हा एजंटाचा फोन बंद होता आणि मामा दुबईला गेलेला होता.

मी तिला कशी ओळखते, असे विचारले. पहिल्या वर्षी प्रवेशाचा फॉर्म घेऊन ती माझ्या खिडकीशी आली. पालकांच्या सहीचा रकाना कोरा होता. मी कोरा रकाना घेत नाही, हे त्या कार्यालयात कोणालाही विचारा. कोण सही करेल, म्हटले. ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "नोबडी लाह, ऑंटी." मी मामाला फोन लावला, त्याची हरकत नाही ना, असे विचारून घेतले आणि त्या रकान्यात माझी सही केली. ती सही आजही तिथे आहे.

दोन ऑगस्टला ती बॅग घेऊन आमच्याकडे आली. खोलीच्या मालकाने पासचे कळताच त्याच दिवशी बाहेर काढले होते. मी मागची खोली दिली. घरात कोणी राहायला आले की गृहनिर्माण खात्याला कळवायचे असते, म्हणून त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला. पासचा नंबर घातल्याशिवाय तो पुढे जाईना. माझे यजमान पद्माकर म्हणाले, "अगं, घेत नाहीये तर सोड ना. पाहुणी आहे म्हण." मी म्हटले, ही परीक्षा संपेपर्यंत राहणार, पाहुणी दोन महिने राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने खात्याच्या काउंटरवर गेले आणि कागदी फॉर्म भरला. पासच्या रकान्यात लिहिले: मुदत संपली, एजंटाने फसवले, मुलगी माझ्याकडे आहे. तिथून इमिग्रेशनच्या कचेरीत गेले. एजंटाविरुद्ध तक्रार आणि चौकशी होईपर्यंत तात्पुरता पास मिळावा असा अर्ज दिला. सगळ्यांच्या पावत्या घेतल्या, सोबत जोडल्या आहेत. तेव्हा माझ्याविरुद्ध खबर कोणी दिली हे शोधण्यात वेळ घालवू नये. ती मी दिली.

मुलीला हे आवडले नाही. "ऑंटी, व्हाय यू राइट एव्हरीथिंग? दे विल कॅच मी," असे म्हणाली आणि दोन दिवस मागच्या खोलीतच जेवली. माझे चुकले की काय, असे मलाही वाटले; ते खरे आहे म्हणून लिहावे. पण लपवून ठेवली असती तर ती स्वतःला चोर समजायला लागली असती, आणि चोरी तिने केलेली नाही.

तिच्या विभागप्रमुखांना मी भेटले. ते म्हणाले, मुलगी आपली आहे, परीक्षेला बसेल. मी म्हटले, तोंडी नको, लेखी द्या. त्यांनी तिथल्या तिथे सही करून दिले. बावीस वर्षे मी अशा ठिकाणी नोकरी केली, याचा मला अभिमान आहे.

आज सकाळी सार्जंट म्हणाले की मुलीने आधी ठाण्यात यावे. मी म्हटले, जबाब उद्याही होतो, पेपर उद्या होत नाही. माझे ओळखपत्र आणि पासपोर्ट टेबलावर ठेवले आणि ती परत येईपर्यंत मला बसवून ठेवा असे सांगितले. पद्माकर म्हणाले, "विचार करा साहेब, ही तुमचे सगळे फॉर्म तपासत बसेल." सार्जंटनी वरिष्ठांना फोन केला. आठ पंचवीसला परवानगी मिळाली. पेपर साडेबाराला सुटेल, दीडपर्यंत तिने एकटीने हजर व्हावे, असे ठरले. निघताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी नऊपासून इथे आहे.

पास संपलेल्या व्यक्तीला घरात ठेवल्यास तुरुंगवास होऊ शकतो, हे माहीत आहे का, असे विचारले. माहीत आहे. भीती वाटते. पुन्हा असे कराल का, असे विचारले. हो, आणि पुन्हा फॉर्मही भरेन.

मुलगी आली नाही तर काय, असेही विचारले. त्या वेळी एक वाजून दहा मिनिटे झाली होती. मी म्हटले, दीड अजून वाजायचा आहे.

वरील मजकूर श्री. कुशल यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. अजून काही सांगायचे आहे का, हा शेवटचा रकाना त्यांनी कोरा सोडला होता, तो मी कोरा ठेवू दिला नाही. त्यात लिहावे: अनघा सोमण एक वाजून बावीस मिनिटांनी स्वतःहून ठाण्यात आली, माझ्या शेजारी बसली. पेपर चांगला गेला म्हणाली.

सही
अरुणा पद्माकर देवस्थळी