अडलं तर याकोबमामा

कोल्हारच्या स्टँडवर माझ्या मागं दूध संघातून रिटायर झालेले मामा आणि तिथली कॉम्प्युटरवरची मुलगी उभी होती.

“एस्तेर, तुमच्या एआयचा सकाळपासून चौथा फोन हाय. टँकरची नोंद कशी करू, इचारतंय.”

“सॉफ्टवेअरमधलं कुठलं बटण कधी दाबायचं, ते एआयसाठी लिहून द्यायचं होतं, मामा. तुम्ही गेल्यापासून कुणाला येतंय ते? मग मी लिहिलं, अडलं तर याकोबमामांना फोन कर.”

“मॅनेजरसायबांना का करीत न्हाई?”

“त्यांचंही लिहिलंय. साहेब फक्त सही करतात, त्यांना काही विचारू नये.”

“आन् सायबांनी हे वाचून चालू दिलं?”

“वाचलं कुठं? सही केली.”