जपानी रेशमाचं सोवळं

त्र्यंबक – किळस येते गं ताई. राग नाही, दुःख नाही. नुसती किळस.

अंबूबाई – हळू बोल. बाबाशास्त्री स्टेशनच्या फाटकाशीच उभे आहेत. बहिरे नाहीत.

त्र्यंबक – ऐकू देत! आठ महिने जपानला चाललोय, दरोडा घालायला नव्हे. भूकंपात भुईसपाट झालेल्या शाळा त्या लोकांनी चार वर्षांत उभ्या केल्या. तिथली मुलं हातानं वस्तू करायला शिकतात, आपला वर्ग आपणच झाडतात. ते बघावं, इथल्या पोरांना शिकवावं, एवढाच माझा गुन्हा. आणि आमच्या शाळेचे हे अध्यक्ष म्हणतात, समुद्र ओलांडलास की बाटलास! परत येऊन मुंडण कर, पंचगव्य घे, तेही शाळेच्या पटांगणात, मुलांच्या देखत. शिकायला गेलो म्हणून मुलांसमोर गोमूत्र पिऊ? पुण्यात हल्ली कुणी विचारतसुद्धा नाही.

अंबूबाई – पुणं राहिलं पुण्यात. आपण तळेगावात राहतो.

दत्तोबा – मास्तर, टांगा झाडाखाली सोडलाय, ट्रंक हितं ठिवली. आन् शास्त्रीबुवांनी ह्यो कागुद दिलाय. गाडी यायच्या आत सही पायजे म्हनत्यात.

त्र्यंबक – स्वतः का नाही आले?

दत्तोबा – फलाटावर समद्या जातीची मानसं, आन् ते सोवळ्यात हायेत. म्हनून मला धाडलं.

अंबूबाई – वाच रे, काय लिहिलंय.

त्र्यंबक – वर माझं प्रायश्चित्त. खाली तू. सही केली नाही, तर उद्यापासून तू त्यांच्या चुलीला शिवायचं नाहीस. त्यांच्याच नाही, आळीतल्या एकाही घरच्या.

अंबूबाई – असं होय.

त्र्यंबक – वीस वर्षं रांधतेस त्यांच्याकडे! भावजी गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. त्या चुलीच्या धुरात माझं शिक्षण झालं. दत्तोबा, स्टेशनमास्तरांकडून टाक-दौत आण. करतो सही.

अंबूबाई – आणि ते पटांगणातलं?

त्र्यंबक – पिईन. डोळे मिटून पिईन.

अंबूबाई – मुलांचे डोळे उघडे असतील ना पण?

त्र्यंबक – मग काय करू? तुला उपाशी ठेवून जपान बघू?

दत्तोबा – हा घ्या टाक. आन् येता येता बुवांनी आनिक एक चिठ्ठी दिली. म्हनले, मास्तर चाललाच हाय तर येताना आनंल.

त्र्यंबक – काय आणू? बघू... 'उत्तम जपानी रेशीम, पांढरे. दोन सोवळी होतील इतके.' ताई, ऐकलंस? समुद्रावरून मी आलो की बाटलो, आणि रेशीम?

दत्तोबा – म्याबी त्येच इचारलं. म्हनले, रेशमाला इटाळ नस्तो.

अंबूबाई – म्हणजे ते नेसून पाटावर बसणार, माझ्या हातचा भात जेवणार आणि माझ्या भावाला गोमूत्र पाजणार. शी! दत्तोबा, त्या ठेल्यावरून एक कप चहा आण.

दत्तोबा – मास्तरांस्नी?

अंबूबाई – मला.

त्र्यंबक – ताई, तू घराबाहेर पाण्याचा थेंब घेतला नाहीस आजवर!

दत्तोबा – अवो ताई, त्या कपाला कोन कोन तोंड लावतंय. आन् माज्या हातचा?

अंबूबाई – तुझ्याच हातचा. तिथं मधोमध घेऊन ये. त्यांना नीट दिसलं पाहिजे.

(अंबूबाई फलाटाच्या मध्यावर जाऊन उभी राहते आणि कप तोंडाला लावते.)

दत्तोबा – बगत्यात, बगत्यात! उपरनं नाकाला लावलं बुवांनी. निगाले की वो!

त्र्यंबक – हे काय केलंस तू?

अंबूबाई – आता तुझ्या सहीनं माझी चूल वाचत नाही. टाक परत कर. दत्तोबा, दोन्ही कागद त्यांच्या दारात टाक आणि सांग, बाई उद्यापासून येणार नाही. आणि मला लोणावळ्याचं तिकीट काढून दे.

त्र्यंबक – लोणावळ्याचं?

अंबूबाई – नंदाबाईची खाणावळ आहे तिथं. रेल्वेची पंचवीस माणसं जेवतात, कोण कुणाचा ते कुणी विचारत नाही. पावसाळ्यापासून बोलावतेय मला. मीच नाक मुरडत होते.

त्र्यंबक – भीती नाही वाटली?

अंबूबाई – वाटली ना. मागे फिरता येऊ नये म्हणून तर मधोमध उभी राहिले.

दत्तोबा – गाडी आली, गाडी आली! ट्रंक उचलतो मास्तर. ताई, तो कप द्या हिकडं, ठिवा आता.

अंबूबाई – थांब रे, संपवू दे. फार गोड केलाय मेल्यानं.