माझ्या गाण्याची तक्रार

इंटरनेटवर माझं गाणं चोरीला गेलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही वाटतं.

केळीच्या बागेवरचं एक गाणं मी आमच्या सांडोर गावच्या प्रत्येक लग्नात म्हणायचो, माझंच म्हणून. दोन हजार नऊ साली माझ्या मुलीने, जसिंताने, ते इंटरनेटवर टाकलं. महिन्याभरात तेच गाणं दुसऱ्या कुणीतरी टाकलेलं दिसलं, वर नाव ‘आजीचं गाणं’. मी भडकलो.

“कुणाची आजी? कर तक्रार!”

जसिंताने अर्ज भरला आणि तो व्हिडिओ काढला गेला. आठवड्याने समोरच्यांची हरकत आली, आणि पाठोपाठ माझ्या थोरल्या बहिणीचा फोन.

“माझ्या नातीचा व्हिडिओ तू काढायला लावलास?”

“बाय, गाणं माझं आहे गं.”

“तुझं कुठलं? आई बागेत जायची, तू पाळण्यात रडायचास. तुला निजवायला मी जुळवलेलं ते.”

मी फोन ठेवला. तक्रार मागे घ्यायला जसिंता पुन्हा बसली.

“पप्पा, कारण विचारतात. काय लिहू?”

“लिही,” म्हटलं, “गाणं जुळलं तेव्हा मी झोपलो होतो.”