दिपालीच्या नावाचं पत्र

(शहापूर, जानेवारी २००१. शनिवारी सकाळी गिरजाबाई नवऱ्याच्या पिशवीत डबा ठेवायला गेल्या आणि पिशवीच्या तळातून एक लांबट पाकीट त्यांच्या हाती लागलं. प्राचार्य वाल्मिक सर दाढी करत होते. आरशात त्यांना ते पाकीट दिसलं, आणि अकरा दिवस जे कुणाला कळू दिलं नव्हतं ते आता लपणार नाही हे त्यांना उमगलं.)

गिरजा : पण तुमच्या नावाचं नाय ना हे? मग तुमच्या पिशवीत कशाला?

वाल्मिक : कॉलेजच्या पत्त्यावर आलंय. कॉलेजचा प्राचार्य मी आहे. माझ्या पिशवीत नाय तर कुठं असणार?

गिरजा : सातवी शिकलेय मी. वर लिवलंय, कुमारी दिपाली लखमा आगिवले. आपलीच दिपाली ना?

वाल्मिक : आपली कसली? मुरबाडला गेली ती. जूनपासून तिकडच्या कॉलेजात कायम झाली.

गिरजा : शिकायला होती तेव्हा पाच वर्षं या घरात जेवली. मग तीन वर्षं तुमच्याच कॉलेजात शिकवलंन. मुरबाडला काय गेली, परकी झाली?

वाल्मिक : डबा ठेव तू. उशीर होतोय.

गिरजा : आणि पाकीट फोडलंय.

वाल्मिक : परिषदेचं पत्र आहे. परिषदेची पत्रं मीच फोडतो. दहा वर्षं फोडतोय.

गिरजा : ती दिल्लीची परिषद?

वाल्मिक : तीच. ग्रामीण महाविद्यालय परिषद. आपल्यासारखी देशभरातली लहान कॉलेजं तिची सभासद आहेत. आपली मान्यता काढायची नोटीस आली होती, तेव्हा आपली बाजू मांडायला नागपूरहून माणूस कुणी धाडला? परिषदेनं. लायब्ररीत नुसतं रिकामं कपाट होतं, तेव्हा चार खोकी पुस्तकं कुणी पाठवली? परिषदेनंच.

गिरजा : ती पुस्तकं मीच पुसली, मला काय सांगता? या पत्रात काय हाय ते बोला. हिंदी मला भरभर वाचता येत नाय.

वाल्मिक : काय नाय. एक बैठक आहे.

गिरजा : बैठकीला एवढं दडवायचं काय हाय? बघा, गाल कापून घेतलात.

वाल्मिक : ऐक तर. सरकारनं समिती नेमलीय. तीनशेपेक्षा कमी पोरं असतील ती कॉलेजं बंद करून मोठ्या कॉलेजात मिसळायची, असा विचार चाललाय. आपल्याकडं दोनशे चाळीस आहेत. परिषद समितीपुढं भांडणार आहे, की डोंगरातल्या, जंगलातल्या कॉलेजांना हा आकडा लावू नका. त्यासाठी काही राज्यांतून एकेक शिक्षक समितीपुढं बोलायला नेणार आहेत.

गिरजा : आणि आपल्या राज्यातून?

वाल्मिक : तिचं नाव आहे.

गिरजा : अगो बाय! लखमाची पोर दिल्लीत बोलणार? आणि हे तुमी तळाला घालून ठेवलात? कधी आलं हे?

वाल्मिक : नऊ तारखेला.

गिरजा : आज वीस.

वाल्मिक : मला मोजता येतं.

गिरजा : कधीपर्यंत कळवायचंय तिला?

वाल्मिक : बावीस. होकार पोचला नाय तर आपली जागा ओरिसाला जाईल.

गिरजा : म्हणजे परवा. परवा संपलं सगळं. काय करायचं होतं तुमच्या मनात?

वाल्मिक : काय करायचं नव्हतं. तेच तर. रोज वाटायचं, आज टपालात टाकू. गिरजा, परिषदेनं समितीला जे निवेदन दिलंय ना, ते कुणी लिहिलंय? मी. अकरा पानं. परिषदेची नऊ अधिवेशनं केली मी. भोपाळला शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपलो. दर वेळी मागच्या रांगेत. दर वेळी सेक्रेटरी म्हणायचे, शहापूरवाले गुरुजी, आपका काम बहुत अच्छा है. एकदा तरी माझ्यापुढं माईक ठेवला?

गिरजा : तिच्यापुढं ठेवला म्हणून…

वाल्मिक : तिला परिषद कुणी दाखवली? परिषदेच्या पुण्यातल्या प्रशिक्षणाचा तिचा अर्ज मी भरला, माझ्या अक्षरात. पंधरा दिवस गेली फक्त. पंधरा दिवसांत तिचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं, आणि माझं दहा वर्षांत नाय.

गिरजा : जळता तुमी तिच्यावर.

वाल्मिक : शब्द जपून वापर.

गिरजा : दुसरा कंचा वापरू? सांगा, तो वापरते.

दिपाली : काकी, येऊ का आत? सर निघाले तर नाय ना?

गिरजा : ये गो, ये. तुझंच नाव चाललंय. एवढ्या सकाळची कशी आलीस?

दिपाली : मुरबाडहून पहिली एस्टी धरली. किन्हवलीला पाऊण तास खोळंबा झाला, नायतर मघाशीच पोचले असते. सर, दोन मिनटं आहेत?

वाल्मिक : बोल. काय काम काढलंस?

दिपाली : काल आमच्या कॉलेजात दिल्लीहून फोन आला, परिषदेच्या ऑफिसातून. विचारलं, पत्राचं उत्तर का नाय? मी म्हटलं, कसलं पत्र? तर म्हणाले, शहापूरच्या पत्त्यावर पाठवलंय, आमच्याकडं तोच पत्ता आहे. मला वाटलं, टपालात गहाळ झालं असेल. तरी म्हटलं, सरांना विचारून घ्यावं.

वाल्मिक : टपालाचा काय भरवसा नाय हल्ली.

गिरजा : अहो.

दिपाली : तेच ना. आमच्याकडंही… काकी, काय झालं?

गिरजा : मी चाय टाकते. तुमी दोघं बोला. खरं काय ते बोला.

दिपाली : सर, गालातून रक्त येतंय तुमच्या.

वाल्मिक : असू दे. पत्र आलंय तुझं. तिथं बघ, डब्याशेजारी.

दिपाली : आलंय? मग बरंच झालं की… नऊ तारखेचा शिक्का आहे.

वाल्मिक : हो.

दिपाली : फोडलेलं आहे.

वाल्मिक : मी फोडलं. मी वाचलं. आणि मीच ठेवलं. विसरलो असं म्हणणार होतो तुला, पण विसरलो नव्हतो. रोज पिशवीतून कॉलेजात नेत होतो आणि संध्याकाळी परत आणत होतो.

दिपाली : का?

वाल्मिक : मला जायचं होतं.

दिपाली : पण मी नसते गेले तरी तुमी जाणार नव्हतात, सर. जागा ओरिसाला गेली असती. इथं लिहिलंय तसं.

वाल्मिक : ठाऊक आहे. तेही चाललं असतं मला. ओरिसातला माणूस माझ्या ओळखीचा नाय. त्याला मी बाराखडी दुरुस्त करून दिली नाय.

दिपाली : आणि कॉलेज बंद झालं असतं ते? वाडीवरच्या पोरींना कल्याणला कोण धाडणार होतं? इथवर येतात त्याच दोन डोंगर उतरून येतात. आकडा लागू झाला असता तर उद्या तुमच्याच वर्गात बाकं उलटी करून ठेवावी लागली असती.

वाल्मिक : एवढा पुढचा विचार केला नव्हता मी.

दिपाली : केला होता. अकरा पानं लिहिलीत तुमी, त्यात हाच तर विचार आहे. सर, तुमी पहिल्यांदा आमच्या वाडीत आलात ना, तेव्हा माझा बा रानात पळाला होता. त्याला वाटलं, सरकारी माणूस आला. माझी आय, भिमी, एकटी ओट्यावर होती. ती तुमच्याशी बोलेना. तरी तुमी तिच्यासमोर दोन तास बसून राहिलात. म्हणालात, पोरीला कॉलेजात धाडा, माझ्या घरी जेवेल. ते तुमीच ना?

वाल्मिक : मीच. तेव्हा तुला काय येत नव्हतं गो. तुला शिकवताना मला फार बरं वाटायचं.

दिपाली : आणि आता?

वाल्मिक : आता तू बोलायला लागलीस की मी मनातल्या मनात चुका शोधतो. गेल्या वर्षी सापडायच्या. हल्ली सापडत नाय.

गिरजा : ही घ्या चाय. बाकीचं मागनं बोला. परवा बावीस तारीख हाय, उद्या रविवार. कळवायचं कसं?

दिपाली : फॅक्स करावा लागेल. आजच.

वाल्मिक : नाक्यावर हरेशच्या एसटीडी बूथवर मशीन आहे. मी येतो, तो मला ओळखतो. इंग्रजी आकडे नीट लावत नाय, समोर उभं राहावं लागतं.

दिपाली : आणखी एक आहे, सर. पत्रात म्हटलंय, सोबत पुरावा आणा. किती मुली आल्या, किती गळाल्या, कशामुळं. तुमची ती वही लागेल मला.

वाल्मिक : वही नाय मिळणार.

दिपाली : सर…

वाल्मिक : पत्र तुझं होतं, दिलं. वही माझी आहे. दर जूनला मी वाड्या चढलो. कुणाचं लग्न ठरलं, कोण वीटभट्टीवर गेली, कुणाला तापात दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं, सगळं मी लिहिलंय. नागपूरच्या माणसाला दाखवली नाय मी ती वही. तीही तू घेऊन गेलीस तर माझ्याकडं काय राहिलं?

गिरजा : त्या वहीत नावं कुणाची हायत ओ?

वाल्मिक : मुलींची.

गिरजा : तुमचं हाय कुठं?

वाल्मिक : माझं कशाला असेल?

गिरजा : मग तुमची कशी? बुधीचं हाय, लहानीचं हाय, या दिपालीचं हाय. ज्यांची नावं त्यांची वही. मी काय तुमच्यासारखी शिकलेली नाय, पण मला असं वाटतं.

वाल्मिक : …कपाटात, वरच्या फळीवर आहे. निळ्या पुठ्ठ्याची. पानं सुटलीत, सांभाळून ने.

दिपाली : आणि निवेदनावरही थोडं बोलायचं होतं, तुमी सांगाल तर.

वाल्मिक : आधी फॅक्स. चल.

* * *

गिरजा : बस गो आधी. दिल्लीहून येऊन तीन दिवस झाले, आणि आज उगवतेस? मार्च लागला. यांचं लक्ष सगळं दारात होतं.

वाल्मिक : माझं नव्हतं. थंडी होती का गो तिकडं?

दिपाली : होती. ही घ्या वही, सर. पानं मोजून घ्या.

वाल्मिक : राहू दे. गाडी वेळेवर पोचली?

दिपाली : चार तास लेट. पण परिषदेचा माणूस थांबला होता स्टेशनवर, माझ्या नावाची पाटी घेऊन.

वाल्मिक : पाटी घेऊन? मला कधी कोण घ्यायला आला नाय. मी विचारत विचारत जायचो.

गिरजा : झालं सुरू. काय ठरलं ते सांग तू.

दिपाली : आकडा उतरवला, काकी. डोंगराळ आणि जंगलभागाला दीडशे. लेखी यायला महिना लागेल, पण समितीचे सेक्रेटरी स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. शहापूरही वाचलं आणि मुरबाडही.

गिरजा : देवा! मी जरा गूळ आणते.

वाल्मिक : नीट सांग. सगळं सांग. किती वेळ दिला तुला?

दिपाली : सहा मिनटं. आदल्या दिवशी परिषदेच्या ऑफिसात तीनदा बोलून घेतलं माझ्याकडून. एक बाई घड्याळ लावून बसल्या होत्या. पहिल्यांदा अकरा मिनटं झाली, मग नऊ. त्या म्हणाल्या, नियम सांगू नकोस, नियम त्यांना पाठ आहेत, तू माणसं सांग. मग मी वहीतल्या मुलीच सांगितल्या. कोण कुठून चालत येते, आणि ज्या थांबल्या त्या कशामुळं थांबल्या.

वाल्मिक : आणि निवेदन?

दिपाली : ते समितीपुढं होतंच. अध्यक्षांनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. चौथ्या पानावर खूप.

वाल्मिक : चौथ्या? पायवाटांचं पान ते. ते मी तीनदा लिहिलं. काय म्हणाले?

दिपाली : म्हणाले, असं निवेदन आमच्याकडं क्वचित येतं. हे कुणी लिहिलंय?

वाल्मिक : मग?

दिपाली : मी म्हटलं, परिषदेनं.

वाल्मिक : हं. परिषदेच्याच नावानं आहे ते.

दिपाली : तसं नाय, सर. तुमचं नाव ओठावर आलं होतं. अध्यक्ष माझ्याकडं बघत होते, वेळही होता. मग मला ते अकरा दिवस आठवले, आणि नाय घेतलं मी. मुद्दाम.

गिरजा : अगो दिपाली…

दिपाली : वाटलं, बरं वाटेल. वाटलंही. परतीच्या गाडीत इटारसीपर्यंत बरं वाटत होतं. नंतर नाय वाटलं. म्हणून तीन दिवस आले नाय. सर, मी त्यांना पत्र लिहिते. तुमचं नाव कळवते.

वाल्मिक : नको.

दिपाली : राग आला?

वाल्मिक : आला. जाईल हळूहळू. तू बस. त्या चौथ्या पानावर खुणा कुठं कुठं होत्या, ते सांग.