गोळी, केवडा आणि आंबिलीचं मीठ

तीस डिसेंबर, सोमवार. पहाटे धुकं, मग कोवळं ऊन, वारा अजिबात न्हाई... आणि वारा न्हाई तर मला सांगा, केवड्याचा वास येतो कुठून? आमच्या चाकूरकडच्या शिवारात केवडा? अहो, तिथं तूर, हरभरा, ज्वारी, अन् बांधाला बाभळ! पण मला येतो. सकाळी डोळे उघडले की केवडा. दुपारी लातूरला दुकानात मशीनवर पँट शिवत बसलो की ओल्या पाटीचा वास, शाळेत थुंकी लावून पुसायचो ना, तोच... संध्याकाळी चौकात रिक्षांच्या धुरात उभा असतो अन् शेजारी कुणीतरी पेरू कापतंय असं वाटतं. मी आपला तिथंच डोळे मिटून. मागून रिक्षावाला, "ओ मामा, झोप आली तर घरी जावा की!"

हे सगळं गोळीचं. पण तुम्हाला सांगतो, गोळीबद्दल माझी तक्रार न्हाई!

तक्रार कशी असंल? वर्षापूर्वी मी भिंतीकडं तोंड करून पडलेलो होतो. लोकांचे कपडे कापून ठेवलेले, शिवायला हात उठंना. तारामतीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला धरून डॉक्टरकडं नेलं. मनाच्या. गोळी सुरू झाली, हळूहळू भिंत मागं सरकली, मी मशीनवर बसायला लागलो. फक्त तोंडात चव एकच राहिली. टाके घालताना आम्ही टेलर लोक ओठात सुई धरतो बघा, त्या सुईची! वरण खा, सुई. जिलेबी खा, गोड सुई. डॉक्टर म्हणाले, "होतं काही जणांना. पण आपल्या मनानं गोळी सोडायची न्हाई." अन् तारामती म्हणाली, "चव जाऊ द्या, माणूस परत आलाय." 

पण भावकीत कुणाला सांगितलं न्हाई. कसं सांगणार? वैजनाथ येडा झाला म्हणतील... आणि ह्या सोमवारी आली येळवस! वेळ अमावस्या हो. त्या दिवशी आमचं लातूर असं रिकामं होतं, जणू कुणी शहर झाडून शेतात नेऊन टाकलंय. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपच, उभारायची, पूजा करायची, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि आंबील! ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आंबट, गार. आता गंमत अशी, नैवेद्य दाखवायच्या आधी आंबील चाखायची न्हाई. उष्टी होते. मग मीठ कळायचं कसं? वासावरून! आणि तो वास घ्यायचा मान आमच्या घरात कुणाचा? ह्या नाकाचा! आधी वडलांच्या नाकाचा होता, त्यांच्यामागं माझ्या.

पहाटे शेतात भामाबाई काकूंनी हंड्यावरचं फडकं उचललं. "वैजू, बघ बाबा."

मी वाकलो. केवडा! अख्खा हंडा केवड्याचा, अन् धुक्यात मी कुठल्या तरी लग्नाच्या मांडवात उभा... "वैजू, काय रं?" आता काही तरी बोलायला पाहिजे ना? म्हटलं, "मीठ कमी आहे, काकू." काकूंनी मूठ टाकली. परत वाकलो. ओली पाटी! मी तिसरीत... "अजून थोडं." परत मूठ. चुलीपाशी तारामती डोळ्यांनी सांगते, बस करा, बस करा. पण तोंडानं बोलली तर बिंग फुटतं! तिसऱ्यांदा वाकलो, आपलं खात्री वाटावी म्हणून. पेरू. "हां... चिमूटभर."

काकूंची चिमूट म्हणजे काय, ते तुम्ही बघितलेलं न्हाई.

पूजा झाली. नैवेद्य झाला. कोपीपुढं पंगत बसली. येळवशीला आंबिलीला नको म्हणायचं नसतं, हे तर तुम्हाला माहीत आहे. माझा थोरला चुलतभाऊ धोंडप्पा, त्यानं पहिला पेला घशात ओतला. डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणतो, "गार... लई गार हाय." निलंग्याहून आलेल्या आमच्या विहीणबाई सिद्धम्मा, त्यांनी एक घोट घेतला अन् तोंडातून कानडीच निघालं, "अय्यय्यो, उप्पू!" उप्पू म्हणजे मीठ. आणि मी? मी पेला संपवला, मिशी पुसली अन् म्हणालो, "यंदा झकास जमलीय!"

सगळे माझ्याकडं बघून राहिले.

धोंडप्पा काकूंकडं वळला. "काकू, वय झालं आता. हाताचा अंदाज गेला तुझा. पुढच्या साली माझ्या सुनंला करू दे." काकूंनी पदर तोंडाला लावला. एवढ्या लोकांसमोर माझं नाव घ्यायला एक शब्द पुरला असता, पण त्या म्हणाल्या न्हाईत की वैजूनं सांगितलं म्हणून!

गोळीबद्दल माझी तक्रार न्हाई, पण त्या क्षणी सुई तोंडातून खाली गेली हो, थेट छातीत.

मी म्हणालो, "अप्पा, काकूंचं न्हाई. नाक माझं गेलंय. मी गोळी घेतो. मनाची. वर्ष झालं."

  मी वाट बघून राहिलो, आता येडा म्हणतील, आता म्हणतील...

"मनाची घे, न्हाईतर ढोपराची घे!" धोंडप्पा कडाडला. "पण नाक गेलं तर हंड्यात वाकलास कशाला? अख्खी आंबील घालवलीस की रं!"

आणि काकू! पदर काढला अन् सुरूच, "मुडद्या, पहिल्या मुठीलाच मला वाटलं होतं! म्हटलं, वैजूचं नाक, आपण कोण बोलणार! तीनदा वाकला अन् तीनदा फसवलं मला!"

"गोळीनं झोप लागती का?" ह्या सिद्धम्मा, हळूच.

"लागते."

"मग आंबील गेली तर जाऊ दे."

एवढंच! वर्षभर मी ज्याला भ्यायलो ते एवढंच! येडा कुणी म्हणालंच न्हाई, खारट मात्र सगळे म्हणाले.

दुपारी कोपीत आडवा झालो. ऊन कडब्यातून गाळून अंगावर पडत होतं, हरभऱ्यात पोरं हसत होती, आणि काय तरी आलं... कोरडं, गोडसर. मी दबकत विचारलं, "तारामती, कडब्याचा वास येतोय का गं?"

ती म्हणाली, "कडब्यात झोपल्यावर कडब्याचाच येणार. उदबत्तीचा येतो का?"

हंडाभर आंबील उरली. बैलांसमोर ठेवली, त्यांनी तोंड फिरवलं. आंबील करायचं काम काकूंकडंच राहिलं. मीठ बघायचा मान धोंडप्पाच्या सुनेला गेला. गोळी चालू आहे.