तेहतिसावी चकती

जबाब
दि. १२/११/२००७

नाव प्रभुलिंग गुरुपाद नेजकर, वय ४४ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., व्यवसाय नोकरी, रा. गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी व मुलीसह राहतो. कोल्हापुरातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत १९८८ पासून नोकरीस आहे. मला कॉलेजात असल्यापासून रोजनिशी लिहिण्याची सवय आहे. या जबाबातील तारखा रोजनिशीतून घेतल्या आहेत. जे रोजनिशीत नाही, ते सांगताना मी 'आठवते' असा शब्द वापरीन. दोहोंतला फरक कागदावर राहावा आणि इतरांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहावे, अशी विनंती मी जबाब लिहून घेणारे हवालदार सयाजी तोडकर यांना केली. "लिहितो सर, पर सावकाश सांगा," असे ते म्हणाले.

दि. ३/११/२००७ रोजी हातकणंगले भागात रस्त्याकडेची चिंच विनापरवाना तोडताना कृष्णात वाडकर यांचे झाड कापायचे मशीन पोलिसांनी जप्त केले. त्यावरील नंबर डिसेंबर १९९८ मध्ये शिरोली एमआयडीसीतील एका लाकडी पेट्यांच्या कारखान्यातून चोरीस गेलेल्या मशीनचा निघाला. हे मशीन १९९९ साली गडमुडशिंगीच्या नागाप्पा मिस्त्रींनी बांधून दिले, असे कृष्णात यांनी सांगितले व ते खरे आहे. नंबर असलेले केस, म्हणजे इंजिनाची मुख्य बॉडी, आपण स्वतः एका अनोळखी फेरीवाल्याकडून घेतले, असे नागाप्पा मिस्त्रींनी सांगितले. ते खरे नाही. त्या सांगण्यावरून त्यांच्यावर चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा दाखल होणार असल्याचे समजल्याने मी आलो आहे.

नागाप्पा सिद्धाप्पा कमते, वय ७१, यांना मी दि. १४/६/१९९२ पासून ओळखतो. त्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या आवारातला गुलमोहर वाऱ्याने पडला होता. कॉलेजचे कटर, म्हणजे तसलेच झाड कापायचे मशीन, कित्येक वर्षे स्टोअरमध्ये बंद पडून होते. ते पोत्यात घालून सायकलवरून त्यांच्याकडे न्यायचे काम माझ्याकडे आले. त्यांनी पोते उघडले, मशीन उचलून नुसते हलवले आणि विचारले, "ह्येला पेट्रोलात ऑइल न घालता कुणी चालवलं?" मी प्राचार्यांचे नाव सांगितले. "मग त्येंनाबी खोलून बघाय पायजे," ते म्हणाले.

मिस्त्री मूळचे निपाणीकडचे. दांडेलीच्या जंगलात लाकूडतोडीच्या ठेकेदाराकडे त्यांनी वीस वर्षे मशीनं सांभाळली. तोड बंद झाल्यावर ते पत्नी रत्नव्वा यांच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावी आले. येताना सोबत तीन मेलेली मशीनं पोत्यात आणली होती. त्यांच्या पत्र्याच्या शेडची सुरुवात त्या तिघांपासून झाली. ती परदेशी बनावटीची जुनी मॉडेल होती आणि त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते. मिस्त्री मोपेडची रिंग घासून बसवत. मोडलेले हँडल शिरोलीच्या फौंड्रीतल्या ओळखीच्या माणसाकडून ओतून आणत. मशीन सुरू करताना ओढायची दोरी कपडे वाळत घालायच्या नायलॉनची असे. दोन भागांमधले पॅकिंग जाड कागदाचे लागते. त्यासाठी मी विद्यार्थ्यांच्या जुन्या जर्नलांची कव्हरे नेत असे. त्यामुळे आजही कोल्हापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच मशीनांत बी.एस्सी. पहिल्या वर्षाची जर्नले आहेत. कॉइल आणि फिरत्या चाकामध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढे अंतर ठेवावे लागते. त्यासाठी मिस्त्रींकडे पोस्टकार्डाची, तेलाने काळी पडलेली एक पट्टी होती. ती दोहोंमध्ये सरकवायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची. ते काम त्यांनी पुढे माझ्याकडे दिले.

त्या दिवसापासून मी दर रविवारी तिथे जाऊ लागलो. मला त्या मशीनांचा काही उपयोग नव्हता. माझ्याकडे तोडण्यासारखे झाडही नाही. पत्नीने हे अनेकदा विचारले आहे. मी तेव्हा दिलेली उत्तरे रोजनिशीत आहेत, पण त्यांतले एकही मला आज पुरेसे वाटत नाही. रत्नव्वाक्का बारा वाजता जर्मनच्या ताटात भाकरी देत. त्याच आकाराच्या दुसऱ्या ताटात नट आणि स्क्रू खोललेल्या क्रमाने मांडलेले असत. दोन्ही ताटे शेजारी ठेवू नयेत, यावरून नवरा-बायकोत दर रविवारी भांडण होई. २००२ नंतर बाजारात स्वस्त चायना भाग येऊ लागले. मिस्त्रींनी ते वापरले, पण मनापासून नाही. "चायना पिस्टन आन् पावणं, दोगंबी चार दिस ग्वाड," असे ते म्हणत.

मशीन बांधून झाले की ते प्रथम बाभळीच्या ओंडक्यावर चालवायचे, अशी त्यांची रीत आहे. पहिली जी चकती कापून पडेल, ती गिऱ्हाईकाला द्यायची नाही आणि चुलीतही घालायची नाही. तिला भोक पाडून ती शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगायची. चकतीवर क्रमांक, तारीख, गिऱ्हाईकाचे नाव आणि कोणता भाग कुठून आला, हे पेन्सिलीने लिहायचे. १९९२ पूर्वीच्या चकत्यांवर त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी नंतर लिहिले. पुढच्या सर्व चकत्यांवर अक्षर माझेच आहे.

त्यांचा आणखी एक नियम होता. बाकीचे भाग कुणाकडूनही घ्यावेत, पण केस घ्यायचे तर अख्खे मेलेले मशीन आणि त्याचा मालक, दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही. "नंबर केसवर असतोय. नंबराला मालक असतोय," ते म्हणत. हा नियम मला माहीत होता.

१९९८ च्या मे महिन्यात कृष्णात वाडकर यांच्या मशीनवर झाड पडून त्याचे केस फुटले. तसले दुसरे केस आठ महिने कुठेही मिळाले नाही. मिस्त्रींनी ते मशीन टेबलावर खोलून ठेवले, वर पोते टाकले आणि त्यानंतर दुसरे कोणतेही मशीन हाती घेतले नाही. मी रविवारी जाई. ते दारात बसून असत. रत्नव्वाक्का म्हणत, "सर, ह्येंला कुटं तरी फिरवून आणा. घरात नुसती भिताडं बघत्यात." रोजनिशीत त्या काळातल्या रविवारांच्या पुढे बहुतेक ठिकाणी 'गेलो. बसलो. आलो.' एवढेच आहे.

दि. २३/१/१९९९ रोजी शनिवारी कोल्हापुरात जुन्या बाजारात एका माणसाकडे मला तेच केस दिसले. ते कुठेही फुटलेले नव्हते. मी ते विकत घेतले. विकणाऱ्याचे नाव विचारले नाही. विचारायचे सुचले नाही, असे मला आज म्हणता आले असते. रोजनिशीत 'नाव विचारले नाही' असे आहे. ज्याला सुचलेले नसते, तो हे लिहून ठेवत नाही. मला सुचले होते. त्या माणसाचे वर्णन आता मला करता येणार नाही. त्याने केस खताच्या पिशवीत गुंडाळून दिले, हे आठवते.

केसच्या आतले तेल ओले होते. भंगारातले केस कोरडे असते, आत धूळ आणि भुसा वाळून बसलेला असतो. एवढे मला सात वर्षांत कळू लागले होते. हे मशीन थोड्याच दिवसांपूर्वी चालू होते, हे मला बाजारात उभे असतानाच समजले. घरी आल्यावर मी ते तेल रुमालाने पुसले. ही गोष्ट रोजनिशीत नाही. ती मला आठवते.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी केस मिस्त्रींना दिले. माझ्या मेव्हण्याच्या शेतावर बंद पडलेले मशीन होते, बाकीचे भाग त्याने टाकून दिले, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी केस उजेडात धरून फिरवले. बोट आतून फिरवले आणि ते बोट पाहिले.

"मेव्हणं काय लावत्यात?" त्यांनी विचारले.

"ऊस," मी म्हणालो.

"उसाला कटर?"

"बांधावर झाडं आहेत."

"बरं हाय," ते म्हणाले. मग त्यांनी रत्नव्वाक्कांना चहा टाकायला सांगितला आणि टेबलावरचे पोते काढले.

हे संभाषण रोजनिशीत शब्दशः आहे. माझा मेव्हणा इचलकरंजीत शिक्षक आहे. त्याला शेत नाही.

पुढच्या तीन रविवारांत मशीन बांधून झाले. सिलिंडर कृष्णात यांच्याच मशीनचे, पिस्टन एका आरा गिरणीच्या भंगारातले, कार्बोरेटर दांडेलीच्या एका मशीनचे, इतर भाग आणखी तिघांचे. "ह्येला सा बाप हायत, पर रेशनकार्ड एकच," मिस्त्री म्हणाले. दि. १४/२/१९९९ रोजी दोरी चौथ्यांदा ओढल्यावर ते सुरू झाले. मिस्त्रींनी ते प्रथम माझ्या हातात दिले. मी त्याआधी कधी चालू मशीन धरले नव्हते. बाभळीची चकती मी कापली. ती एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ पडली व पातळ बाजूची थोडी कड तुटली. "न्हाय जमलं तर पापड लाटा," असे म्हणून कृष्णात हसले. मिस्त्रींनी तीच चकती तेहतिसावी म्हणून खिळ्याला लावली. केस कुठून आले, या ठिकाणी तिच्यावर मी 'प्र. गु. नेजकर यांजकडून' असे लिहिले. मेव्हण्याचे नाव लिहिले नाही.

दि. १०/११/२००७ रोजी पोलिसांनी शेडचा पंचनामा केला. त्यात भिंतीवर सत्तावन्न चकत्या असल्याची नोंद आहे. नोंद बरोबर आहे. परंतु मिस्त्रींनी आजवर अठ्ठावन्न मशीनं बांधली. बत्तीस आणि चौतीस यांच्यामध्ये खिळा आहे व त्याभोवती भिंत गोलाकार उजळ आहे. तो गोल एका बाजूला थोडा चपटा आहे.

काल रविवारी, भाऊबीजेदिवशी, मी नेहमीप्रमाणे गेलो. मिस्त्री आत पडून होते. रत्नव्वाक्कांनी मला सांगितले, "दिवाळीच्या पयल्या आंघुळीला बंबात घातली. ईस वर्सं मला येक चकती जाळू दिली न्हाय. ओल्या सरपणानं डोळं फुटायची येळ आली तरी न्हाय. आन् आता सोताच्या हातानं घातली की." त्यानंतर मी आत जाऊन बसलो.

"अण्णा, केस मी आणलं होतं," मी म्हणालो.

"तुमी गप बसायचं."

"पोलिसांना खोटं का सांगितलंत?"

"तुमची नोकरी हाय. पोरगी अजून शिकतीया. मला काय, हितं बसलो काय आन् तितं बसलो काय. गुडघं दोनीकडं दुखायचंच."

"चकती जाळली तरी माझ्या रोजनिशीत आहे."

"मग तीबी द्या. पाणी अजून तापायचं हाय."

ते हसले. मी हसलो की नाही, ते मला आठवत नाही. १९९९ च्या त्या रविवारी तुम्हाला काही शंका आली होती का, असे मी त्यांना विचारले. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मी येथे सांगत नाही. ते मी काल रोजनिशीतही लिहिलेले नाही. तेवीस वर्षांत जाणूनबुजून सोडलेली ही पहिलीच ओळ आहे.

केस चोरीचे असेल, अशी शंका असताना मी ते घेतले. ते मिस्त्रींना देताना मी खोटे सांगितले. त्यांनी केस कोणत्याही फेरीवाल्याकडून घेतलेले नाही. त्यांना आनंद व्हावा म्हणून मी हे केले, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. गेले तीन दिवस मी त्या आठ महिन्यांची रोजनिशी पुन्हा वाचली. 'मिस्त्री उदास' असे तीन वेळा आहे. 'आज करमले नाही' असे एकोणीस वेळा आहे. माझे रविवार मला परत हवे होते.

हे लिहून घेण्यापूर्वी हवालदार तोडकर यांनी पेन खाली ठेवले व म्हणाले, "सर, इचार करा. ह्ये लिवलं की म्हाताऱ्याच्या बाकड्यावर तुमी बसनार. कॉलेजात कळंल." मी विचार केला आहे, असे त्यांना सांगितले. १९९९ सालची रोजनिशी सोबत आणली आहे, ती हजर करीत आहे. तिच्यातली इतर पाने खाजगी आहेत, पण फाडलेली नाहीत.

वरील मजकूर हवालदार तोडकर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने, चौकशीसाठी बोलावलेल्या व बाहेर बाकावर बसलेल्या नागाप्पा मिस्त्रींनाही तो ऐकू गेला. वाचन संपल्यावर ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "येक चुकलंय सायेब. ती काळी पट्टी पोस्टकार्डाची न्हवं. सरांच्या लग्नाची पत्रिका हाय. त्र्याण्णव सालची. तिची जाडी बराबर बसली म्हणून कापून घेतली. अजून डब्यात हाय." मला हे आजपर्यंत माहीत नव्हते. तेवढी दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून येथे शेवटी जोडण्यात आली. बाकीचा जबाब मी बोललो तसाच उतरला आहे व तो खरा आहे.